घरचें बास्केटबॉलचें मैदान आणि त्याची लाकडी जमीन

गेल्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत कोंकणांतून आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र आलें. पत्र चार ओळींचेंच होतें. मुलाच्या खेळासाठीं घरच्या वखारींत घातलेली लाकडी जमीन उठली. वडिलांच्या मनाला फार लागलें आहे. सवड झाल्यास एकदां येऊन पाहावें, एवढाच मजकूर. जमीन उठली म्हणजे काय झालें, हें मला पत्रावरून नीट उमगलें नाहीं. तेथें जाऊन पाहिलें तेव्हां उमगलें.

ती जुनी भाताची वखार दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद आहे. एका टोकाला भिंतीवर फलक व कडें बसविलेलें. मे महिन्यांत सागवानी फळ्या बसवून झाल्या तेव्हां तिचीं छायाचित्रें मला आलीं होतीं. त्यांत जमीन आरशासारखी लखलखत होती. आतां त्याच जमिनीच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर उंचीचा उंचवटा आला होता. दार अर्धेंच उघडत होतें. बारा वर्षांचा मुलगा चेंडू आपटून दाखवीत होता. तो एके ठिकाणीं उसळे, तर दुसऱ्या ठिकाणीं मेल्यासारखा पडे. मुलाचे आजोबा दारांत उभे होते. आंब्याच्या दोन हंगामांची शिल्लक त्यांनीं या कामांत घातली होती. ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, लाकूड तर तुम्हीं सांगितलेंत तेंच घेतलें."

हें बोलणें खरें होतें. मजकडे सल्ला मागितला असतां "उत्तम सागवान घ्या" एवढेंच मीं कळविलें होतें. फळ्यांच्या खालीं काय असावें, भिंतीपाशीं किती जागा सोडावी, कोणत्या ऋतूंत काम करावें, यांविषयीं मीं एक अक्षरहि लिहिलें नव्हतें. कारण तें मला माहीतच नव्हतें. त्यानंतर वर्षभर या विषयाचा जो अभ्यास घडला, तो विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडावा, हा या लेखाचा हेतु आहे.

लाकडाची जमीन मुळांत हवीच कशाला, असा प्रश्न प्रथम येतो. बास्केटबॉलचा जन्म लाकडी जमिनीवरच झाला. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, स्प्रिंगफील्ड गांवीं, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षण-संस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. हिवाळ्यांत बाहेर बर्फ असतां तरुणांना घरांत खेळतां येईल असा खेळ शोधण्याचें काम त्यांजकडे आलें होतें. त्यांनीं व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. म्हणून कड्याची उंची आजहि दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, आहे. व्यायामशाळेची जमीन लाकडी होती. म्हणून खेळाचा चेंडू, त्याचा टप्पा आणि खेळाडूची चाल हीं सर्व लाकडाच्या अंगानें वाढत गेलीं.

जमीन बिघडली कीं खेळ कसा बिघडतो, याचें उदाहरण १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत सर्व जगानें पाहिलें. त्या वर्षीं हा खेळ ऑलिंपिकमध्यें प्रथमच आला. परंतु सामने टेनिसच्या उघड्या मातीच्या मैदानावर ठेवले होते. अंतिम सामन्याच्या दिवशीं पाऊस पडला. मैदानाचा चिखल झाला. चेंडूला टप्पाच येईना. अमेरिका व कॅनडा यांच्या त्या सामन्याचा शेवट १९ विरुद्ध ८ एवढ्याच गुणांवर झाला. खेळाडू तेच, नियम तेच. पायांखालील जमीन तेवढी साथ देईना.

आपल्याकडे हा खेळ त्याच असोसिएशनच्या द्वारें आला. हॅरी क्रो बक यांनीं १९२० मध्यें मद्रास येथें शारीरिक शिक्षणाची संस्था काढली, आणि तेथें शिकलेल्या शिक्षकांनीं तो शाळाशाळांतून नेला. आपल्या बहुतेक शाळांत तो मातीवर किंवा सिमेंटवर खेळला गेला, व त्यांवर उत्तम खेळाडू तयार झाले. तेव्हां लाकूड नाहीं म्हणून खेळ नाहीं, असें कोणीं समजूं नये. लाकडाचा खरा लाभ गुडघ्यांना व घोट्यांना आहे. खेळाडू एका तासांत कितीतरी वेळां उडी मारून उतरतो, आणि प्रत्येक वेळीं त्याच्या पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. सिमेंट तो भार जसाच्या तसा परत करतें. चांगली लाकडी जमीन थोडी दबते, आणि तो धक्का अधिक वेळांत वांटून देते.

येथें कोणी विचारील कीं, जमीन दबत असेल तर चेंडूचा टप्पा कमी होणार नाहीं काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि या जमिनीची सारी विद्या त्याच्या उत्तरांत आहे. चेंडू सुमारें ६०० ग्रॅम वजनाचा; त्याचा आघात क्षणमात्र टिकतो. तेवढ्या आघातानें फळी जवळजवळ हलत नाहीं, म्हणून चेंडूला त्याचा जोर परत मिळतो. उलट पन्नास किलो वजनाचा मुलगा वरून उतरला कीं फळ्या व त्यांच्या खालच्या रबराच्या गाद्या मिळून दबतात. युरोपांत अशा जमिनींसाठीं जें मानक ठरलें आहे, त्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या आहेत. चेंडूचा टप्पा काँक्रीटवरील टप्प्याच्या निदान ९० टक्के असावा. आणि पडणाऱ्या भाराचा धक्का काँक्रीटच्या मानानें निदान २५ टक्क्यांनीं कमी व्हावा. शिवाय जमीन ५ मिलिमीटरांहून अधिक दबतां कामा नये. हे गुण एकट्या फळीच्या अंगीं नसतात. फळी, तिच्या खालचे थर व गाद्या यांच्या जुळणींतून ते येतात. सिमेंटच्या कोब्यावर थेट ठोकलेली सागवानी फळी दिसावयास लाकूड असते, पण गुडघ्यांना ती कोब्यासारखीच लागते. आमच्या वखारींत हेंच झालें होतें.

आतां लाकडाविषयीं. अमेरिकेंत या कामासाठीं साखरी मेपल या झाडाचें लाकूड पसंत करतात. तें कठीण असतें, त्याचा कण बारीक असतो, त्याच्या सहसा कुसळें निघत नाहींत, आणि रंग फिका असल्यामुळें चेंडू व रेषा स्पष्ट दिसतात. परंतु एवढ्यावरून मेपलच हवें असें नाहीं. बोस्टन येथील सेल्टिक्स संघाची प्रसिद्ध जमीन १९४६ मध्यें, युद्धानंतरच्या टंचाईंत, ओकच्या लहान तुकड्यांपासून केली होती. पांच फूट चौरसाचे ते तक्ते खेळ नसेल तेव्हां काढून ठेवतां येत. आणि त्या जमिनीवर १९९९ पर्यंत सामने झाले. लाकूड कोणतेंहि असो, तें पक्कें वाळलेलें असावें, आणि त्याचा स्वभाव ओळखून तें बसविलेलें असावें.

हा स्वभाव म्हणजे काय? लाकूड कापलें, वाळवलें, रंधा मारून गुळगुळीत केलें, तरी हवेंतील ओल घेण्याची व टाकण्याची त्याची संवय जात नाहीं. ओल घेतली कीं तें फुगतें, टाकली कीं आक्रसतें. लांबीच्या दिशेनें हा फरक इतका अल्प असतो कीं तो सोडून द्यावा; पण रुंदींत तो चांगलाच असतो. यासाठीं विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब स्वतः करून पाहावा.

६० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी घ्या. तिच्यांतील ओल तिच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा एकानें वाढली, तर तिची रुंदी सुमारें ०.११ मिलिमीटरनें वाढते. ही वाढ डोळ्यांना दिसतहि नाहीं. पण मे महिन्यांतील कोरडी फळी पावसाळ्यांत शेंकडा सहा इतकी ओल सहज घेते. म्हणजे एका फळीमागें ०.६६ मिलिमीटर. सहा मीटर रुंदीच्या वखारींत अशा शंभर फळ्या बसतात. म्हणजे एकूण वाढ ६६ मिलिमीटर झाली. साडेसहा सेंटीमीटरांहून थोडी अधिक! भिंत मागें सरत नाहीं. तेव्हां फळ्यांना वर उठण्यावांचून गति राहत नाहीं. आजोबांच्या वखारींत तो उंचवटा आला, तो या साध्या गुणाकारानें आला. मेपलची वाढ सागवानाच्या जवळजवळ दुप्पट असते. तेव्हां आपल्या दमट किनाऱ्यावर सागवानाची निवड चुकीची नव्हती. लाकूड बरोबर होतें. त्याला जागा दिली नव्हती.

आणखी एक बारकावा सुतारास विचारून घ्यावा. फळीच्या टोकाकडून पाहिल्यास झाडाच्या वर्षवलयांच्या रेषा दिसतात. ज्या फळींत त्या उभ्या असतात, ती फळी रेषा आडव्या असलेल्या फळीच्या मानानें सुमारें निम्मीच फुगते. अशा फळ्या महाग पडतात, पण दमट हवेंत त्या घेणें शहाणपणाचें ठरतें.

जमीन घालण्याचा क्रम आतां खालून वर असा सांगतों. सर्वांत आधीं छप्पर. कौलें गळत असतील, पन्हळ फुटलेली असेल, भिंतीला ओल येत असेल, तर लाकडाचें नांवहि काढूं नये. उघड्या अंगणांत तर लाकडी जमीन कधींहि घालूं नये. आपला एक पावसाळा तिचा निकाल लावील. जोतें भोंवतालच्या जमिनीपेक्षां उंच असावें, व त्याच्या मातीला वाळवीपासून रक्षण करणारें औषध दिलेलें असावें.

त्यावर काँक्रीटचा थर, पाणसळ लावून सपाट केलेला. तो वरून कोरडा दिसला म्हणजे वाळला असें नव्हे. निदान साठ दिवस त्याला द्यावे, आणि मग पुढील परीक्षा घ्यावी. सुमारें ४५ सेंटीमीटर चौरसाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या, व सोळा तासांनंतर उचलून पाहावा. खालच्या बाजूस दंव दिसलें, किंवा काँक्रीट काळसर पडलें, तर आंत ओल आहे, थांबावें. आमच्या वखारींतील कोबा तीन आठवड्यांचाच होता. वरून हवा आणि खालून कोबा, अशी दोहों बाजूंनीं त्या फळ्यांना ओल मिळत गेली.

काँक्रीट वाळल्यावर त्यावर ०.१५ मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याचे जोड एकमेकांवर चांगले चढवून चिकटवावे, म्हणजे जमिनींतील ओल वर येणार नाहीं. कागदावर रबराच्या लहान गाद्या ठराविक अंतरांवर येतात. गाद्यांवर प्लायवुडचे दोन थर एकमेकांस आडवे घालावे, आणि तक्त्यातक्त्यांत थोडी फट ठेवावी. धक्का सोसण्याचें काम हेच थर करतात. त्यांवर सुमारें २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या येतात. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच व दुसऱ्या कडेला त्या खाचेंत बसणारी जीभ असते. खिळा जिभेच्या वरच्या कोनांतून तिरका मारतात, म्हणजे पुढच्या फळीनें तो झांकला जातो व पृष्ठभागावर खिळ्याचें डोकें येत नाहीं.

आतां ती जागा, जी मी पत्रांत लिहावयास विसरलों. चारी भिंतींपाशीं सुमारें ५ सेंटीमीटर मोकळें अंतर सोडावें. त्यावर भिंतीला लागून जी लाकडी पट्टी बसवावयाची, ती भिंतीलाच ठोकावी, जमिनीला नव्हे. नाहींतर एका हातानें दिलेली जागा दुसऱ्या हातानें काढून घेतल्यासारखें होईल. पट्टीला मागून वारा खेळेल अशा खांचा असाव्या. फळ्या आणल्याबरोबर ठोकूं नयेत. त्या खोलींतच कांहीं दिवस वारा लागेल अशा रचून ठेवाव्या, म्हणजे तेथील हवेशीं त्यांचा मेळ बसेल. कोंकणांत हें काम मे महिन्यांतील कडक उन्हांत किंवा भर पावसांत करूं नये. पाऊस संपून हवा स्थिरावली, म्हणजे नोव्हेंबराच्या सुमारास, लाकूड धड फारच कोरडें नसतें कीं धड फुगलेलेंहि नसतें.

फळ्या बसल्यावर जाड, मध्यम व बारीक अशा काचकागदानें तीन वेळां घासून धूळ पूर्ण काढावी. नंतर रंध्रें बुजविणाऱ्या लेपाचे दोन हात, त्यावर रेषा, आणि रेषांवर शेवटच्या झिलईचे दोन हात. प्रत्येक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊं नये.

मापें पुढीलप्रमाणें आहेत. पूर्ण मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. तीन-तीन खेळाडूंचा जो खेळ २०२१ मध्यें टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें प्रथम आला, त्याला १५ मीटर रुंद व ११ मीटर लांब जागा लागते. घरीं याहून कमी जागेंतहि सराव होतो. फलक १.८० मीटर रुंद व १.०५ मीटर उंच. त्याची खालची कड जमिनीपासून २.९० मीटर. कड्याचा आंतील व्यास ४५ सेंटीमीटर. फलकाच्या पुढच्या बाजूपासून ४.६० मीटरवर मुक्त फेकीची रेषा. तीन गुणांची कमान कड्याच्या मध्याखालच्या बिंदूपासून ६.७५ मीटरवर. सर्व रेषा ५ सेंटीमीटर रुंदीच्या. छपराची मोकळी उंची नियमाप्रमाणें ७ मीटर असते. घरीं ती कमी चालेल, परंतु चेंडूची कमान तुळईला लागतां कामा नये. कड्यामागें भिंत जवळ असल्यास तिच्यावर जाड गादी बांधावी. धांवत येणारा मुलगा ऐन वेळीं थांबूं शकत नाहीं.

पुढची देखभाल सोपी आहे, पण ती रोज करावी लागते. बाहेरचे जोडे जमिनीवर आणूं नयेत. एक खडा शंभर दिवसांची झिलई खरवडतो. कोरड्या कापडानें धूळ झाडावी; बादलीभर पाणी ओतून पुसूं नये. घामाचे थेंब पडले तर लागलीच टिपावे. खिडक्या केव्हां उघडाव्या व केव्हां मिटाव्या, हें हवा पाहून ठरवावें.

हें सर्व वाचून ज्यांना खर्चाची धास्ती वाटेल, त्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, पैसा अपुरा असेल तर सिमेंटचें सपाट अर्धें मैदान करावें, मुलांना चांगले जोडे घेऊन द्यावे, व त्यांवर समाधान मानावें. अर्धवट केलेल्या लाकडी जमिनीपेक्षां तें शतपटीनें बरें. आणि लाकूडच घालावयाचें असेल, तर पैशाचा पहिला वांटा छपराला, दुसरा काँक्रीटला, तिसरा मधल्या थरांना द्यावा. उरेल त्यांत फळी घ्यावी. आम्हीं नेमका उलट क्रम धरला होता.

वखारीचें पुढें काय झालें, हें सांगून लेख पुरा करतों. सप्टेंबरांत सर्व फळ्या सोडविल्या. एकमेकींवर दाबून ज्यांच्या जिभा तुटल्या होत्या, त्या सुमारें पंचवीस बाजूला काढाव्या लागल्या. त्यांचीं बांकें केलीं. उरलेल्या माळ्यावर वारा लागेल अशा रचून ठेवल्या. कोब्याची प्लॅस्टिकनें परीक्षा केली, छपराची पन्हळ बदलली. आणि नोव्हेंबरांत, दिवाळीच्या सुटींत, प्लॅस्टिक, गाद्या व प्लायवुड घालून जमीन पुन्हां बसविली. कमी पडलेल्या फळ्या विकत घेतल्या. त्यांची किंमत मीं देऊं केली. आजोबांनीं अर्धीच घेतली. म्हणाले, "अर्धी चूक माझी. मीं विचारलें नाहीं."

यंदाच्या ऑगस्टांत मी पुन्हां तेथें गेलों. बाहेर तीन दिवस पाऊस धरून होता. आजोबांनीं भिंतीपाशींची पट्टी एके ठिकाणीं काढून मला फट दाखविली. नोव्हेंबरांत ५ सेंटीमीटर असलेली फट आतां साडेतीन सेंटीमीटरांवर आली होती. लाकूड फुगलें होतें, जसें तें फुगावयाचेंच. पण त्याला जागा होती, म्हणून जमीन सपाट होती. आजोबांनीं पट्टी पुन्हां जागेवर बसविली, आणि नातवाला हांक मारून म्हणाले, "मास्तरांना टप्पा दाखव." त्यानें या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चेंडू आपटीत नेला. सर्वत्र एकच आवाज येत होता.